देवळामागच्या घराची कडी

आमच्या घरात झोपताना दाराला कडी लावत नाहीत. दार लोटायचं आणि आतून एक वीट टेकवून ठेवायची, एवढाच बंदोबस्त. लग्न होऊन उदगीरहून आलेल्या माझ्या बायकोनं आठवडाभर हे पाहिलं आणि मग म्हणाली, "चोरासाठी चहाबी झाकून ठेवू का?" अम्मी हसली. अब्बा हसले नाहीत. त्यांनी पायानं वीट सरळ केली आणि झोपायला गेले.

गंमत अशी की अब्बांचा धंदाच कुलपांचा. लातूरला गोलाई बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. हरवलेल्या किल्ल्या घडवायच्या, अडलेली कुलपं खोलायची आणि दारांना कड्या-कोयंडे बसवायचे. खेड्यांतून बोलावणं आलं की सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधून निघायचे. भूकंप झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी औशाच्या पुढच्या एका गावात पाच-सहा घरांना नव्या कड्या बसवल्या. त्यातलं एक घर मारुतीच्या देवळामागचं, दोन पायऱ्यांचं, सागवानी दाराचं. त्या दारावर त्यांचा जीव होता. असं लाकूड आता मिळत नाही, म्हणायचे.

मग गणपती विसर्जनानंतरची ती पहाट झाली आणि ते गाव मातीत गेलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीची जड माळवदं. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातुरात आम्ही महिनाभर अंगणात झोपलो.

त्यानंतर काही दिवसांनी दुकानात एक गिऱ्हाईक कुलूप घ्यायला आलं. कुलूप उलटंपालटं करत ते सांगत होतं की त्या गावात देवळामागच्या घरातली बाई दारापाशीच सापडली. कडेला लहान लेक. दार उभं होतं, पण उघडलं नाही, आतली कडी निघालीच नाही म्हणे. दाराची कडी कुणी बसवली हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. अब्बा कानशीनं किल्ली घासत होते. ते थांबले नाहीत, घासतच राहिले, आणि ती किल्ली पार वाया गेली. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आमच्या दाराची कडी स्वतःच्या हातानं उखडली.

पुन्हा त्यांनी कुणाच्या दाराला कडी बसवली नाही. कुलूप दुरुस्त करीन, कडी नक्को, असं म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात धाडायचे. घरात या विषयावर कुणी बोलायचं नाही. फक्त कधी तरी वीट लावून झाल्यावर ते उगाच दाराशी उभे राहायचे आणि अम्मीला विचारायचे, "खुलती तो वो बचती क्या?" उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस होता: त्या घरातला थोरला मुलगा. तो त्या रात्री मिरवणुकीत होता म्हणून वाचला आणि पुढे शिकायला कुठंतरी गेला, एवढंच कानावर आलं होतं.

मी नांदेडला विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं आणि परत लातुरात येऊन कॉम्प्युटरची कामं घेऊ लागलो. तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. ज्या गल्लीत पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथं तीन मजली क्लास. ज्या घरात चार माणसं राहत, तिथं चाळीस पोरं. दुपारी मेसच्या डब्यांच्या सायकली सुटल्या की रस्ता ओलांडता यायचा नाही. दहावीचा निकाल लागला की सगळ्या मराठवाड्यातल्या पत्र्याच्या ट्रंका लातूरकडे निघायच्या.

अशाच एका क्लासचं काम मला मिळालं. चालवणारे सर भौतिकशास्त्र शिकवायचे. बोलणं कमी, आवाज मऊ, पण मुदत म्हणजे मुदत, वेळ म्हणजे वेळ. त्यांच्या वसतिगृहाची शहरात थट्टा व्हायची, कारण तिथं एकाही दाराला आतून कडी नव्हती, न्हाणीघराच्यासुद्धा. आत गेलं की मोठ्यानं गाणं म्हणायचं, असा पोरांनीच नियम केला होता. सकाळी सात वाजता ती इमारत भजनी मंडळासारखी वाजायची.

एकदा चहा पिताना मी सरांना गाव विचारलं. त्यांनी नाव सांगितलं आणि म्हणाले, "मारुतीच्या देवळामागं आमचं घर होतं. आता काही नाही." मी कप खाली ठेवला. घरी जाऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "दो सीढ्यांवाला घर. उसकू पूछ. उस रातकू कडी लगी थी क्या, बस इत्ताच पूछ."

मला विचारता आलं नाही. ज्याची आई आणि बहीण दाराशी गेली, त्याला कसं विचारायचं की दाराला कडी होती का? आणि मी कोण विचारणारा? तिथून पुढं मी क्लासमधून घरी आलो की अब्बा मान वर करून बघायचे. "पूछा क्या?" "नै अब्बा." मग ते परत कानशीकडे वळायचे. असं कित्येक महिने चाललं. ते थकत चालले होते, छातीत धाप लागायची, आणि मला कळत होतं की मी उशीर करतोय.

त्याच काळात सरांनी क्लाससाठी स्वतःचा मेल सर्व्हर बसवायचं ठरवलं. मेल सर्व्हर म्हणजे क्लासचं स्वतःचं टपालघर समजा. क्लासची पत्रं त्यात जमा होतात आणि तो ती जगभर पोहोचवतो. मी ऑफिसच्या कोपऱ्यात, पाण्याच्या जारशेजारी एक साधं मशीन बसवलं. सरांची अट एकच होती. लातूरचं ऑफिस, नांदेडची शाखा, वसतिगृहाचे रेक्टर, घरून काम करणारे शिक्षक, कुणालाही कुठूनही पत्र टाकता आलं पाहिजे. पासवर्ड नको.

मी म्हणालो, "सर, पासवर्ड असलेला बरा."

"आणि माणूस पासवर्ड विसरला तर? गरजेच्या वेळी बसला अडकून." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "माझ्याकडं काही बंद ठेवायचं नाही."

दुसऱ्या कुणाला मी हे करू दिलं नसतं. मी या बाबतीत तुसडा आहे, गिऱ्हाइकांना चार शब्द सुनावायला मला आवडतं. पण त्या माणसापुढं मला ते जमायचं नाही. अब्बांनी कड्या सोडल्या, यांनी कड्या सोडल्या, आणि मी मधे उभा. मी सर्व्हर उघडा ठेवला. धंद्यात ही चूक पहिल्या वर्षाचा पोरगाही करत नाही. मी ती समजून-उमजून केली.

वर्षभर काही झालं नाही. मग जूनमध्ये क्लासच्या निवड चाचणीचा निकाल लागला. त्या वर्षी अर्ज प्रथमच ऑनलाइन घेतले होते आणि सरांना त्याचं फार कौतुक. निवड झालेल्यांना मेलनं कळवायचं, आठ दिवसांत त्यांनी येऊन जागा पक्की करायची, नाही तर जागा पुढच्या मुलाला. मेल गेल्या. चार दिवस झाले तरी कुणी फिरकेना.

पाचव्या दिवशी सकाळी हिमायतनगर तालुक्यातले एक गृहस्थ लेकीला घेऊन ऑफिसात आले. रात्रभराचा प्रवास, धोतराला घडी राहिलेली नाही, पण टोपी स्वच्छ. मी तिथंच होतो.

"निकाल लागला म्हणे. आम्हाला कायच कळालं न्हाई," ते म्हणाले.

ऑफिसातल्या बाईंनी यादी बघितली. पोरगी यादीत वरच्या दहांत होती. "मेल पाठवलीय की काका."

"मी रोज तालुक्याला जाऊन राहिलो. कॅफेवाला म्हणतो, न्हाई आली. त्याला वाटतं म्हाताऱ्याला याड लागलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ही घरी रडून राहिली. म्हणलं, चल, तोंडानं विचारून येऊ."

यादीत स्वतःचं नाव पोरीनं बोट ठेवून दोनदा वाचलं. तिचं काम झालं, पण बाकीच्यांचं काय? अर्जांवर फोन नंबर कुठं शेजाऱ्याचा, कुठं दुकानदाराचा, निम्मे लागत नव्हते. हिच्यासारखी कितीतरी पोरं घरी बसून समजत होती की आपण नापास. सरांनी मला एवढंच सांगितलं, "जागा मी धरून ठेवतो. शनिवारपर्यंत पत्रं पोचली पाहिजेत."

मी आधी इंटरनेटवाल्यांना शिव्या घातल्या, ती आमच्या धंद्याची रीत आहे. त्यांची लाइन ठीक निघाली. मग आमच्या सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या नोंदी तपासल्या. एक नोंद खरंच नव्हती, ती करून घेतली, छाती फुगवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही पत्रं पोचली नव्हती. मग मला वाटलं, नांदेडच्या शाखेतल्या कॉम्प्युटरांना व्हायरस असेल. अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठलं, दोन मशीनं पुसून नव्यानं भरली, रेल्वे स्टेशनसमोर चहा प्यायला आणि परतलो. सगळा वेळ वाया. खरं म्हणजे मी मुद्दाम लांब फिरत होतो. कुठं बघायला पाहिजे ते मला माहीत होतं.

शेवटी गुरुवारी दुपारी मी सर्व्हरची रांग उघडली. जी पत्रं लगेच पोचत नाहीत ती रांगेत थांबतात, सर्व्हर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो, आणि पाच दिवसांत जमलं नाही तर पाठवणाऱ्याला परत करतो. रांगेत आमच्या पोरांची पत्रं शोधायला लागली. कारण तिथं हजारो परकी पत्रं होती, कुणीतरी कुणालातरी पाठवलेली. औषधांच्या जाहिराती, लॉटरीच्या थापा. दार उघडं आहे हे जगातल्या लबाडांना कळलं होतं आणि ते आमच्या घरातून ये-जा करत होते. असे सर्व्हर कोणते, याच्या काळ्या याद्या ठेवणारे लोक असतात. आमचं नाव त्यात गेलं होतं. म्हणून मोठ्या मेल कंपन्या आमचं कुठलंच पत्र घेत नव्हत्या, त्या पोरीचंही नाही.

उपाय सोपा होता. पासवर्ड लावायचा, रांग साफ करायची आणि यादीवाल्यांना कळवायचं की दार बंद केलं, आता नाव काढा. एका दिवसाचं काम. मी सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"दुसरा मार्ग नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मी त्यांची समजूत काढायला गेलो. "सर, आतल्या माणसाला काही होणार नाही. कडी आतून लावायची नाहीच. बाहेरून लावायची, एवढंच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, यांना चक्कर येतेय. हातातला खडू त्यांनी टेबलावर आडवा ठेवला. खाली वर्गात पोरांचा गलका चालू होता. मला काय झालं कुणास ठाऊक, इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "सर, तुमच्या घरी, त्या रात्री आतून कडी लावलेली होती का?"

"आतून नव्हती," ते म्हणाले. "बाहेरून होती. मी लावली होती."

मग त्यांनी सांगितलं. आई दिवसभर रानात राबून लवकर झोपली होती, शेजारी बहीण. सर मिरवणुकीला निघाले. उशिरा परतल्यावर आईला उठवायला नको, म्हणून निघताना बाहेरून कडी लावली. "आमच्या गल्लीत सगळेच तसं करायचे. जो शेवटी येणार तो बाहेरून लावून जायचा. घरच्यांची झोप मोडायची नाही." विसर्जन झाल्यावर ते मित्रांबरोबर पारावर बसले. पाच मिनिटांनी जाऊ, म्हणत होते. "भिंती पडल्या, दार उभं राहिलं. आई दारापर्यंत आली होती. कडी मीच काढली, उजाडल्यावर. लोक म्हणायला लागले, आतून बंद होतं. मी कुणाचं खोडून काढलं नाही."

तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. आधी राग आला. हा माणूस गप्प बसला आणि ते गप्प बसणं पंधरा वर्षं माझ्या बापाच्या छातीवर दगड होऊन राहिलं. मग त्या रागाची लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खाली, सगळ्यात खाली, मला आनंद झाला होता. अब्बांची कडी नव्हती. समोर एक माणूस आईची गोष्ट सांगत होता आणि मला कधी एकदा घरी पोचतो असं झालं होतं.

सर उठून माझ्याबरोबर मशीनपर्यंत आले. "लावा," म्हणाले. पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप केला. मी रिवाजाप्रमाणे तोंड फिरवलं. तेव्हा माझी नजर समोरच्या दारावर गेली. या इमारतीत आतून कड्या नाहीत हे सगळ्या लातूरला माहीत होतं. बाहेरूनही नाहीत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. अब्बा दुकान बंद करत होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. "अब्बा, पूछा मैने. अंदरसे कडी लगीच नै थी. बाहरसे लगी थी. उनोच लगाके गये थे, अम्माकी नींद नै टूटना बोलके."

मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील, अल्लाचं नाव घेतील, रात्री वीट काढून टाकतील. ते आपल्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "बाहरकी कडी बी मेरीच हय रे. अंदरकी, बाहरकी, दोनो एकच दिन बिठाया मै."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

त्यांनी माझं मनगट धरलं. "उसकू बोल. लगाया उने, पन बनाया मै. अकेला नक्को उठाव बोल. आधा मेरा हय." मी हो म्हणालो. त्या रात्री त्यांनी नेहमीसारखी वीट लावली.

शुक्रवारी काळ्या यादीतून नाव निघालं. परकी पत्रं मी पुसून टाकली आणि आमची पुन्हा सोडली. एकामागून एक सगळी पोचली. शनिवारी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. सोमवारी हिमायतनगरकडची ती पोरगी ट्रंक घेऊन आली, बाप मागं गादी धरून. सरांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. निरोप सांगायचा तो दिवस नव्हता. इतकी गर्दी होती.

पुढच्या आठवड्यात सर नांदेडला होते. त्यानंतर परीक्षा होत्या. अब्बा विचारायचे, "बोला क्या?" आणि मी म्हणायचो, "बोलूंगा." कारणं मला चिक्कार सापडली, पण खरं कारण भीती. निरोप सांगायचा तर मी कुणाचा मुलगा ते सांगावं लागलं असतं. इतके महिने मी त्यांच्या टेबलाशी बसून चहा प्यालो, सगळं ठाऊक असून. ते माझ्याकडे कसं बघतील, हे मला बघायचं नव्हतं.

पावसाळा संपता संपता अब्बा गेले. सर कब्रस्तानात आले होते, हातरुमाल डोक्याला बांधून. रांगेत उभे राहून त्यांनी तीन मुठी माती टाकली. परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय काम करायचे वडील?"

आता, मला वाटलं. आत्ता सांग.

"वेल्डिंगचं," मी म्हणालो.

"कष्टाचं काम," असं म्हणून ते फाटकाकडे चालत गेले.

त्यांचा सर्व्हर अजून मीच सांभाळतो. महिन्यातून एकदा रांग उघडून बघतो. पाच दिवसांवरचं पत्र तिथं राहत नाही, एक तर पोचतं, नाही तर पाठवणाऱ्याकडे परत जातं. अब्बांचा निरोप माझ्याकडेच आहे. परत करायला आता अब्बा नाहीत, आणि ज्यांना द्यायचा ते सर परवाच म्हणाले, चहाला या. वीट मी लावतो.